तिथे आहे तरी काय?

“बाई, ह्या रेषा खरंच जमिनीवर असतात का हो?”

दर वर्षी वर्गातलं एक तरी मूल हा प्रश्न विचारतंच. मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. फळ्यावर गोल काढायचा, आडव्या रेषा ती अक्षवृत्तं, उभ्या ती रेखावृत्तं, म्हणून सांगायचं, आणि प्रश्न आला की ठरलेलं उत्तर द्यायचं, “नाही रे, त्या काल्पनिक असतात.” की धडा पुढे! पण यंदा एका मुलीनं उभं राहून विचारलं, “मग बाई, तुम्ही कधी त्या जागी जाऊन पाहिलंय का?”

आता काय सांगणार? पाहिलं नव्हतं. घरी येऊन कणीक मळताना तोच प्रश्न डोक्यात. आणि मग दुसराच एक विचार आला. लग्नाला पंधरा वर्षं झाली. ह्या पंधरा वर्षांत प्रवास का कमी झाले? पण प्रत्येक प्रवास कशासाठी तरी. लग्न, मुंज, बारसं, कुणाचं आजारपण, कुणाचं तेरावं, नाहीतर देवदर्शन. “मला तिथे जाऊन यायचंय, काम काही नाही,” असं मी एकदाही म्हटलेलं नव्हतं. मैत्रिणींनो, तुम्ही तरी म्हटलंय का?

नाताळच्या सुट्टीत पुण्याहून तुळजापूरला जायचं ठरलंच होतं. सासूबाईंना देवीची ओटी भरायची होती. रात्री जेवताना मी हळूच विषय काढला. “वाटेत थोडी वाट वाकडी करू या. नकाशावरचा एक बिंदू निवडायचा आणि तिथे जाऊन यायचं.”

“तिथे आहे तरी काय?” ह्यांनी विचारलं.

“काही नाही. असलं तर गेल्यावर कळेल.”

ह्यांनी आमटी वाढून घेतली आणि विषय संपला असं समजले. पण मुलांनी तो उचलून धरला!

चिठ्ठ्या टाकल्या

बिंदू निवडायचा तर पक्षपात नको, म्हणून मुलांनी साठ चिठ्ठ्या केल्या, ० ते ५९. एका अंशाचे साठ भाग म्हणजे मिनिटं, जुन्या भाषेत कला. अंश आपल्या वाटेवरचे घ्यायचे आणि मिनिटं चिठ्ठीतून काढायची, असा खेळ. डब्यात चिठ्ठ्या खुळखुळवून धाकट्यानं दोन काढल्या. नकाशावर पाहिलं, तर जागा थेट उजनी धरणाच्या पाण्यात! दुसऱ्यांदा काढल्या, तर जागा वाटेपासून इतकी दूर, की त्या दिवशी देवीचं दर्शन चुकलं असतं. ह्यांना हसू आवरेना.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अरे, मिनिटं-बिनिटं कशाला? पुरा आकडा घ्या की. सव्वा रुपया ठीक, पण सव्वा अंश कशाला?”

गंमत अशी, की नेमका हाच छंद जगात पुष्कळांना आहे. १९९६ साली अमेरिकेत अलेक्स जॅरेट नावाच्या तरुणानं जागा दाखवणारं उपग्रह-यंत्र घेतलं, आणि जिथे पूर्ण अंशाचं अक्षवृत्त आणि पूर्ण अंशाचं रेखावृत्त एकमेकांना छेदतात तिथे जाऊन फोटो काढायचे, काय दिसलं ते लिहून ठेवायचं, असा उपक्रम सुरू केला. पुढे देशोदेशीचे लोक त्यात सामील झाले. कुणाला बिंदू वाळवंटात सापडला, कुणाला कुणाच्या परसात.

आपल्या महाराष्ट्रात असे बिंदू किती? साधा हिशेब आहे. दोन अक्षवृत्तांमध्ये एका अंशाचं अंतर सुमारे १११ किलोमीटर. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात, म्हणून आपल्याकडे १८ अंशांवर त्यांतलं अंतर सुमारे १०६ किलोमीटर. म्हणजे एक चौकोन साधारण पावणेबारा हजार चौरस किलोमीटरचा. राज्याचं क्षेत्रफळ तीन लाख सात हजार चौरस किलोमीटर. भागून पाहा, बिंदू पंचवीस-सव्वीसच्या आसपास येतात. तुम्ही कुठल्याही गावात राहत असा, असा एक बिंदू तुमच्यापासून सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आत असतोच. निफाडजवळ एक आहे, मुक्ताईनगरजवळ एक, शिराळ्याच्या बाजूला एक, नागपूरहून बुटीबोरीकडे जाताना एक.

आणि आमच्या वाटेवर होता १८ अंश उत्तर, ७५ अंश पूर्व. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या इंदापूरहून दक्षिणेला, सरळ रेषेत बारा-साडेबारा किलोमीटरवर, अकलूजच्या वाटेला. नकाशा पाहताना माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. ही १८ अंशांची रेषा धरून पूर्वेला निघालं, की सुमारे ११३ किलोमीटरवर येतं ते तुळजापूर! देवीचं गाव ह्या रेषेपासून जेमतेम एक किलोमीटरवर आहे. पश्चिमेला निघालं तर फलटण, आणि कोकणात समुद्रकाठी हरिहरेश्वर. सासूबाईंना हे सांगितलं मात्र, त्यांनी लगेच निकाल दिला, “मग ही वाकडी वाट कुठली? ही तर देवीचीच वाट.” ह्यांचा विरोध तिथे संपला.

इंदापूरहून खाली

२६ डिसेंबरला पहाटे निघालो. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, गुळाच्या पोळ्या. ओटीचं सामान वेगळ्या टोपलीत, सासूबाईंच्या मांडीवर. माझ्या पर्समध्ये शिवणाची टेप. तिचं काय झालं ते पुढे सांगते.

इंदापूरला महामार्ग सोडला. हा रस्ता तुकोबांच्या पालखीचा. इंदापूरचा मुक्काम झाला की पालखी ह्याच वाटेनं सराटीला जाते आणि नीरा ओलांडून अकलूजला. डिसेंबरात मात्र वारकरी नव्हते, उसाच्या ट्रॉल्या होत्या. साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात. एकामागून एक ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि रस्ताभर पडलेल्या उसाच्या कांड्या. कडेला तोडणीवाल्यांच्या पालांपुढे चुली धुमसत होत्या.

मुलीच्या हातात फोन होता. ती आकडे मोठ्यानं वाचत होती. अठरा पूर्णांक शून्य सहा... शून्य पाच... शून्य चार... आकडा शून्याकडे येऊ लागला तशी गाडीत शांतता पसरली. शेवटी एका कच्च्या वाटेशी गाडी थांबवावी लागली. पुढचं अंतर पायी. डावीकडे उभा ऊस आणि उजवीकडे ऊस तुटून गेलेलं रान, पाचट पसरलेलं. सासूबाई गाडीतच बसल्या. आम्ही चौघं बांधावरून निघालो.

हे आकडे कसे वाचायचे तेही सांगते. फोनवर अंश दशांशात येतात. दशांशचिन्हानंतरच्या चौथ्या आकड्यात एकाचा फरक पडला, की जमिनीवर सुमारे ११ मीटर सरकलो असं समजावं. फोन किमान चार उपग्रहांच्या संदेशांवरून जागा ठरवतो, आणि ते उपग्रह आपल्यापासून वीस हजार किलोमीटर उंचीवर. त्यामुळे थोडी चूक राहतेच. चार शून्यं एका ओळीत यावीत म्हणून आम्ही दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे, पुन्हा डावीकडे, असा नाच करत होतो. शेवटी एकदाची सगळी शून्यं आली. मुलांनी टाळ्या पिटल्या!

आणि तिथे काय होतं? पाचट. मातीची ढेकळं. एक तुटकी चप्पल. दूर एक विहीर आणि लिंबाचं झाड. बस्स.

हे माझ्याकडे पाहत होते. “सांगितलं होतं ना” हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, इतकंच.

टेपची करामत

पण मला तिथे एक प्रयोग करायचा होता. आपलं घड्याळ चालतं ते साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताच्या वेळेवर. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. ७५ अंश म्हणजे त्याच्या साडेसात अंश पश्चिमेला, म्हणून इथली खरी दुपार घड्याळापेक्षा अर्धा तास उशिरा होणार. वर्षभरात ह्यात काही मिनिटांचा फरक पडत राहतो, पण नाताळच्या सुमाराला तो जवळजवळ शून्य असतो. म्हणजे बरोबर साडेबाराला सूर्य सर्वांत उंच आणि सावली बरोबर उत्तरेला!

रानात पडलेला एक ऊस मुलानं उचलला. शंभर सेंटिमीटर मोजून तो मातीत उभा रोवला. हिशेबानं त्याची सावली ८८ सेंटिमीटर यायला हवी होती. मुलगी टेप धरून खाली वाकली, मुलगा दुसरं टोक ओढतोय, हे फोनमध्ये पाहतायत...

“ओ, कशाची मोजणी चाललीया?”

विहिरीकडून एक बाई धावत येत होती. चाळिशीची असेल. डोक्याला टापर बांधलेलं, हातात खुरपं. धापा टाकत ती आमच्यापुढे उभी राहिली. “कुणी धाडलं तुम्हास्नी? दिरानं धाडलं व्हय? मला न सांगता मोजायचं नाय!”

मी चपापले. “अहो ताई, आम्ही नुसतं...” पण पुढे काय सांगायचं? तुमच्या शेतात एक काल्पनिक रेषा आहे, ती बघायला आलोय म्हणून? माझ्या मुलीच्या हातात टेप, ह्यांच्या हातात फोन. तिच्या जागी मी असते तर मीसुद्धा हेच समजले असते. तिच्या हातातलं खुरपं थरथरत होतं. रागानं नव्हे, भीतीनं. ते पाहून मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! कुणाच्या शेतात शिरताना विचारावं, एवढीसुद्धा अक्कल मी गाडीतच ठेवून आले होते.

मोजणीवाल्यांना लोक भितात हे काही आजचं नाही. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टननं ह्या देशाची त्रिकोण पाडून मोजणी सुरू केली. कन्याकुमारीपासून वर, ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपास. वीस वर्षं ते काम करत करत तो आपल्या विदर्भापर्यंत आला आणि १८२३ साली हिंगणघाटला वारला. तिथेच त्याची कबर आहे. जिथे जिथे त्या दुर्बिणी गेल्या तिथे तिथे गावकऱ्यांना शंका आली, की हे आमच्याकडे काय बघतायत आणि का मोजतायत? वर्गात हे मी गमतीची गोष्ट म्हणून सांगत असे. त्या रानात ती गंमत वाटली नाही.

सोडवलं ते सासूबाईंनी. आवाज ऐकून त्या गाडीतून उतरल्या आणि टोपली कमरेवर घेऊन बांधावरून आल्या. “अगं बाई, घाबरू नकोस. आम्ही तुळजापूरला चाललोय, आईची ओटी भरायला. ही माझी सून मास्तरीण आहे. मुलांना सावली मोजून दाखवतेय, दुसरं काही नाही.” त्यांनी टोपलीवरचा रुमाल बाजूला केला. खण, नारळ, हळदकुंकू. त्या बाईनं ते पाहिलं, खुरपं खाली ठेवलं आणि टोपलीला हात जोडले.

मग ती मटकन बांधावर बसली.

बांधाची रेषा

मालक जाऊन दोन वर्षं झाली होती. दोन मुली, एकीचं लग्न झालेलं, दुसरी शिकतेय. दीर शेजारीच. बांध सरकलाय, मोजणी आणतो, असा धाक तो अधूनमधून घालायचा. “आणूं दे की मोजणी,” ती म्हणाली. “मी कुठं नको म्हनते? पर सात-बाऱ्यावर माझं नाव अजून चढायचंय. नाव नाय तर मी कोन? ह्याच भ्यावानं झोप येत नाय बगा.”

ह्यांनी तिला समजावून सांगितलं, की सरकारी मोजणी असली तर लगतच्या खातेदारांना आधी नोटीस येते, अशी टेप घेऊन कुणी उगवत नाही. आणि नवरा गेल्यावर वारस म्हणून बायकोचं आणि मुलींचं नाव लागतं, तो तिचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं देऊन वारस नोंदीचा अर्ज करायचा, आणि अर्ज दिल्याची पोच घ्यायची. ती पोच जपून ठेवायची. तिनं मान हलवली. मुलीला लिहून घ्यायला सांगते म्हणाली. माझ्या मुलीनं आपल्या वहीचं पान फाडून तिथेच सगळं सुवाच्य लिहून दिलं.

एवढ्यात धाकटा ओरडला, “आई, साडेबारा!” सगळे सावलीकडे वळलो. ती बाईसुद्धा. सावली सरळ उत्तरेला, विहिरीच्या दिशेनं पडली होती. टेप लावली. ८८ आणि वर थोडंसं. ढेकळांमुळे थोडा फरक पडलाच.

“म्हंजे हितनं एक रेघ जाते म्हनता?” तिनं विचारलं.

“हो. सरळ तुळजापूरच्या कुशीतून जाते.”

ती क्षणभर पूर्वेकडे बघत राहिली. मग उठली, घराकडे गेली आणि येताना ओंजळभर गहू घेऊन आली. “माझ्या नावानं आईची ओटी भरा,” म्हणाली. “न्हाई जमलं औंदा जायला.” चहा घेतल्याशिवाय सोडायला मात्र तयार नव्हती. लिंबाखाली गुळाचा चहा झाला. आमच्या डब्यातल्या पोळ्या तिला दिल्या. निघताना मुलांच्या हातात दोन-दोन उसाची कांडकी!

गाडीतला प्रश्न

तिथून पूर्वेला पंधरा किलोमीटरवर नीरा आणि भीमेचा संगम आहे, नीरा नरसिंहपूर. तेही दर्शन झालं. पण सारा वेळ गाडीत फारसं कुणी बोललं नाही. एकदम सासूबाईंनी ह्यांना विचारलं, “काय रे, आपल्या घराच्या कागदावर हिचं नाव आहे का?”

“नाही. करायचंच राहिलंय.”

“राहतंच ते,” सासूबाई म्हणाल्या. “माझंही राहिलं होतं.”

एवढंच. पुढे मोहोळ येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. मी खिडकीबाहेर बघत बसले. पंधरा वर्षं मी ते घर झाडलं, सारवल्यासारखं लख्ख ठेवलं, दिवाळीला रंग दिले. त्या घराच्या कागदावर मी आहे की नाही, हे एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल असं वाटे. आज ते परक्या बाईच्या रानात, एका खेळापायी निघालं.

तुळजापूरला सासूबाईंनी आधी आमची ओटी भरली आणि मग ती गव्हाची ओंजळ वेगळी वाहिली. त्या बाईचं नाव मी इथे लिहीत नाही. पण देवीपुढे सासूबाईंनी ते पूर्ण म्हटलं. आधी तिचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव.

तुम्हाला जायचं असेल तर

अशी वाकडी वाट मुलांना घेऊन एकदा तरी करून पाहा. खर्च काही नाही. आमच्या चुकांवरून चार गोष्टी सांगते.

बिंदू घरीच नकाशावर नीट पाहून घ्या. पाण्यात, लष्करी हद्दीत, दाट जंगलात किंवा कारखान्याच्या आवारात निघाला तर सोडून द्या, दुसरी चिठ्ठी काढा. मुख्य वाटेपासून येऊन-जाऊन तासाभराहून जास्त लागू नये, म्हणजे घरची माणसं कुरकुरत नाहीत. आडबाजूला फोनला रेंज नसली तरी जागेचे आकडे दिसतात, पण नकाशा दिसेलच असं नाही, म्हणून तो आधीच उतरवून ठेवा. बंद बूट घाला आणि हातात काठी असू द्या. पाचटात विंचूकाटा, सापकिरडू असायचंच. उभ्या पिकात पाऊल घालू नका. बिंदू पिकात असला तर बांधावरूनच नमस्कार करावा. पाणी भरपूर न्या आणि कागद-पिशव्या परत आणा.

आणि सर्वांत आधी, जवळच्या घरी जाऊन विचारा. “आम्ही अमुक गावचे, अशासाठी आलोय, येऊ का?” एवढं एक वाक्य आम्ही आधी म्हटलं असतं, तर त्या बाईच्या छातीत तेवढं धस्स झालं नसतं. आणि टेप घेऊन गेलात तर ती पर्समध्येच ठेवा, विचारून झाल्यावर काढा!

सुट्टी संपली. वर्गात त्या मुलीनं पुन्हा हात वर केला, “बाई, गेला होतात?”

“गेले होते.”

“रेषा दिसली?”

“नाही दिसली,” मी म्हटलं. “पण तिथे एक ताई राहतात.” आणि मग धडा बाजूला ठेवून तासभर सगळं सांगितलं. सावलीचं, उसाचं, आणि बांधाच्या रेषेचंही.

आमच्या घराच्या कागदांची फाईल ह्यांनी त्याच आठवड्यात कपाटातून काढली. काम अजून झालेलं नाही. वकिलांकडे एक खेप झाली आहे. पण फाईल जेवणाच्या टेबलावर आहे, आणि मी ती रोज पुसते. कपाटात परत ठेवत नाही.